लग्नाची नोंदवही देशाला एकच असावी : महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातून लोकसभेत व राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. काजूच्या धंद्यात नोकरी करतो आणि त्या निमित्ताने काही वर्षं व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत राहतो. इथली माणसं आपसात अजूनही या शहराला सायगावच म्हणतात, म्हणून मीही पुढे तसंच लिहितो. यंदा माझं लग्न ठरलंय. मुलगी इथलीच, मेकाँगच्या खोऱ्यातल्या बेन त्रे भागातली. महाराष्ट्राचे लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९, गोव्याचे २ आणि १, असे आपण ७० जण. आपल्या सगळ्यांना मिळून हे पत्र लिहितोय ते एका कागदासाठी. मी अविवाहित आहे, असं सांगणारा कागद. तो ज्या वहीवरून द्यायचा ती वहीच आपल्या देशात नाही. ती व्हावी ही माझी मागणी आहे. ही मागणी कुठून आली ते कळण्यासाठी आधी आमचे इथले दिवस कसे चाललेत ते सांगतो.

माझा आठवडा कच्च्या बीत जातो. आयव्हरी कोस्टसारख्या आफ्रिकी देशांतून आणि शेजारच्या कंबोडियातून काजूबी इथे उतरते, इथे फुटते, सोलली जाते आणि गर होऊन जगभर जाते. काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम बरीच वर्षं जगात पहिला आहे. पोत्यांतून नमुना काढायचा, बी कापायची, किडकी-काळी बाजूला करायची, चांगल्या गराचं वजन करून आउटटर्न, म्हणजे गराचा उतारा, काढायचा, हे माझं काम. त्यासाठी बिन्ह फुओकच्या कारखान्यांत जावं लागतं. गेल्या वर्षी १ जुलैपासून तो प्रांत दोंग नायमध्ये विलीन झालाय. त्या एका दिवसात देशाचे ६३ प्रांत-शहरांचे ३४ झाले आणि जिल्हा हा मधला टप्पाच उठला. याचा आमच्या लग्नाशी थेट संबंध आहे. परदेशी माणसाशी होणाऱ्या लग्नाची नोंद आधी जिल्ह्याच्या कचेरीत होत असे, आता ती गावपातळीवरच्या लोकसमितीत (गावच्या सरकारी कचेरीत) होते. म्हणजे तिच्या घरापासून चालत जाता येईल अशा जागी.

संध्याकाळी खोलीवर आलो की भाषा घेऊन बसतो. व्हिएतनामीत सूर सहा. दक्षिणेच्या बोलीत त्यातले दोन एकमेकांत मिसळतात, त्यामुळे मला पाचांवर भागवता येतं. लग्नाच्या दिवशी तिच्या घरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची आहेत. ती पाठ करून म्हटलेली वाटू नयेत, समजून म्हटलेली वाटावीत, ही माझी धडपड. मग घरी फोन. आमचे नऊ वाजतात तेव्हा वेंगुर्ल्यात साडेसात झालेले असतात, आई दिवाबत्ती उरकून ओटीवर बसलेली असते. तिचा पहिला प्रश्न होता, "तिका नुस्ता साफ करूक येता काय रे?" आता दोघी एकमेकींना फोनवर मासे दाखवतात. मध्ये मी दुभाषा. हल्ली बरंच माझ्याशिवायही चालतं.

सुट्टीच्या दिवशी पहाटे स्कूटर काढून बेन त्रेला जातो. तिएन नदीवर राख मिएउचा पूल २००९ साली झाला. त्याआधी सगळं फेरीबोटीवर होतं, पुलाच्या मध्यावर आलो की तिचे वडील ते दिवस सांगतात. पलीकडे उतरलं की माडच माड. हा आधी वेगळा प्रांत होता, आता विन्ह लाँगमध्ये गेलाय, पण नारळाच्या वड्यांच्या पुड्यांवर अजून बेन त्रेच छापलेलं असतं. तिच्या वडिलांना सगळे बा म्हणतात, आईला मा. मीही तसंच म्हणतो. मा मातीच्या खापरीत शहाळ्याचं पाणी घालून मासे आटवते, चिंचेचं आंबट सार करते. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचा रस यांची पातळ पोळी तव्यावर टाकते, ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी आईला फोन लावून म्हटलं, इथे घावणे मिळतात.

तिच्या आजोबांच्या पुण्यतिथीला मला बोलावलं होतं. चांद्र तिथीने दर वर्षी ती होते, दक्षिणेत तिला यो म्हणतात, आणि दूरदूरची भावंडं त्या दिवशी घरी येतात. नैवेद्य आधी देव्हाऱ्यावर, मग पंगत. मला नारळ खवायला बसवलं, आणि ते काम मी लहानपणापासून केलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या बायका बघून गेल्या. मग त्यांच्यातलीच एक मावशी माझ्याजवळ बसली. माझं गाव कुठलं, घरी कोण कोण, पगार किती, आधी लग्न झालंय का, असं सगळं तिने सावकाश विचारलं. तिच्या विचारण्यात वैर नव्हतं. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तिचं बघणं समजायला या खोऱ्याची गेली तीसेक वर्षं माहीत हवीत. १९९०च्या दशकापासून इथल्या गावांमधून हजारो मुली लग्न होऊन आधी तैवानला, मग दक्षिण कोरियाला गेल्या. पुष्कळ लग्नं दलालांनी जुळवलेली, मुलाला मुलगी दोन-चार तास दिसलेली. अनेकींचे संसार चांगले झाले, घरच्यांना पैसे आले, पक्की घरं झाली. काहींचं वाईट झालं. २०१० साली कान थोची एक २० वर्षांची मुलगी लग्न होऊन बुसानला गेली आणि पोहोचल्यावर आठवड्याभरात नवऱ्याने तिचा खून केला. त्याला गंभीर मानसिक आजार होता, आणि मुलीच्या घरच्यांपासून ते लपवलेलं होतं. ती बातमी इथे घराघरात गेली. परदेशी जावई म्हटलं की इथली आई जे विचारते ते त्या आठवणीतून.

व्हिएतनामचा कायदाही तेच विचारतो. परदेशी माणसाला लग्न नोंदवायचं तर दोन कागद हवेत. तो मानसिक दृष्ट्या लग्नाचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असा वैद्यकीय दाखला, आणि तो सध्या कुणाचा नवरा नाही असा त्याच्या देशाच्या अधिकृत यंत्रणेचा दाखला. वैद्यकीय दाखला मला इथल्या रुग्णालयात सहज मिळाला. डॉक्टर माझ्याशी नीट बोलले, काही प्रश्न विचारले, कागद दिला. अडलंय ते दुसऱ्यावर.

तिचा कागद कसा निघाला ते बघा. व्हिएतनामी नागरिकाची वैवाहिक स्थिती गावच्या लोकसमितीच्या नोंदीत असते आणि आता ती देशाच्या संगणकीय नोंदवहीशी जोडलेली आहे. जुनी कुटुंबाची छापील वही २०२३ पासून बंदच झाली. तिने अर्ज केला, ३ कामकाजाच्या दिवसांची मुदत होती, तिच्या हातात शिक्क्याचा कागद आला. ही अमुक, जन्म अमुक, हिचं कुणाशीही लग्न झालेलं नाही, आणि हा दाखला लग्नासाठी दिला आहे. तिला कुणापुढे शपथ घ्यावी लागली नाही. तिच्या वडिलांना कुठल्या मुद्रांक कागदावर सही करावी लागली नाही. सरकारने आपल्या वहीत बघून लिहून दिलं.

माझ्याकडे काय आहे? जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट. मी अविवाहित आहे असं मीच लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. माझा मुलगा अविवाहित आहे असं बाबांनी लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. यासाठी बाबा गावाकडे कचेऱ्यांतून फिरले. एका ठिकाणी सांगितलं, असा दाखला द्यायची तरतूद नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, तुम्ही प्रतिज्ञापत्र करून आणा, त्यावर सही-शिक्का देतो. तिसऱ्या ठिकाणी, रहिवासी दाखला देतो, त्यात एक ओळ घालतो. मी त्यांच्यातल्या कुणालाही दोष देत नाही, त्यांची नावंही लिहिणार नाही. जी वही समोर नाही तिच्यावरून दाखला कोण देणार? आणि परदेशातल्या आपल्या वकिलातीने द्यायचा म्हटला तरी तिच्याकडे वेगळी नोंद कुठून येणार? तीही शेवटी गावाकडून आलेल्या कागदावर आणि माझ्या शपथेवरच विसंबणार.

हे सगळं मी मा-ला सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, तुमच्या गावच्या कचेरीत लग्नांची वही नाही का? मी म्हटलं, आहे. ग्रामपंचायतीत आहे, नगरपरिषदेत आहे, शहरात महापालिकेच्या प्रभागात आहे. ती म्हणाली, मग त्यात बघून सांगू दे की. मी म्हटलं, त्या वहीत त्या गावची लग्नं, आणि तीही ज्यांनी नोंदवली त्यांचीच. ती थोडी थांबली आणि म्हणाली, म्हणजे तू दुसऱ्या गावात लग्न केलं असतंस तर?

खासदार महोदय, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते आपल्याकडेही नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे. मी तिच्या घरात जेवतो, झोपतो, तिच्या नवऱ्याबरोबर शहाळी उतरवायला जातो. तरी एका आईला माझ्या शब्दापलीकडचा पुरावा हवा असेल तर ती चुकते असं मला मुळीच वाटत नाही. माझ्या बहिणीसाठी परदेशातलं स्थळ आलं असतं तर माझ्या आईनेही हेच विचारलं असतं.

आता वेळेचं सांगतो, कारण त्रास खरा तिथे होतो. वैवाहिक स्थितीच्या परदेशी दाखल्यावर मुदत लिहिलेली नसेल तर इथे तो दिल्या तारखेपासून ६ महिनेच धरतात. वैद्यकीय दाखलाही ६ महिन्यांचा. माझा कागद गावातून निघून मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग व्हिएतनामच्या वकिलातीचं प्रमाणीकरण, मग इथे अधिकृत भाषांतर, असा प्रवास करतो. तोवर त्यातले किती आठवडे हाती उरतील ते कुणी सांगू शकत नाही. इथे अर्ज दिल्यावर १५ दिवसांत निकाल लागतो आणि दोघांनी समोर येऊन सही करायची असते. म्हणजे इथला भाग आम्हाला आखता येतो. आपल्याकडचा आखता येत नाही.

आणि दोन्ही घरं पंचांग बघणारी. आईने गावच्या देवाला कौल लावला, देवाने उजवा दिला, त्यानंतरच तिने गावात सांगितलं. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. त्यात लग्न नाही. २५ जुलैला आषाढी एकादशी, पुढे चातुर्मास. व्हिएतनामच्या पंचांगात अधिक महिना गेल्या वर्षीच येऊन गेला, त्यांचा सहावा महिना दोनदा झाला. यंदा त्यांचा सातवा महिना १३ ऑगस्टला लागतो. तो भटक्या आत्म्यांचा महिना, त्यात इकडचं कुणी लग्न काढत नाही. शिवाय मुलीचं वय. इथे जन्माला आल्याबरोबर एक वर्ष धरतात. त्या हिशेबाने आलेल्या वयाला ९ने भागून बाकी १, ३, ६ किंवा ८ उरली तर त्या वर्षी मुलीचं लग्न वर्ज्य. १९९८ साली जन्मलेली ती यंदा २९ची, बाकी २, म्हणजे चालेल. नव्या चांद्र वर्षात ३०ची होईल, बाकी ३. मा यात तडजोड करणार नाही, आणि तिने करावी असं मी म्हणणारही नाही. तेव्हा जूनच्या मध्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर व्हिएतनामी नववर्षापर्यंतचे, एवढीच आमची जागा. दोन देशांच्या श्रद्धा सांभाळून तारीख निघते. ती एका दाखल्यापायी निसटायची वेळ येते, याचं फार वाईट वाटतं.

घरात तयारी मात्र थांबलेली नाही. दक्षिणेच्या रीतीने मुलाकडची माणसं लाल कापडाने झाकलेली तबकं घेऊन मुलीच्या घरी जातात. तबकांची संख्या इथे सम लागते, उत्तरेत विषम. सगळ्यांत मानाचं तबक विड्याची पानं आणि सुपारीच्या अख्ख्या घडाचं. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आपल्या आगरातली सुपारी न्यायची असं त्यांनी ठरवूनही टाकलं. ताजी फळं-पानं सीमेपलीकडे नेण्याचे नियम समजावल्यावर म्हणाले, बरं, मग तिथला घड मी स्वतः निवडतो. मुलीच्या कानात सोन्याची कुडी घालायचा मान मुलाच्या आईचा. इथे सोनं चीवर मोजतात, एक ची म्हणजे ३.७५ ग्रॅम, दहा चीचा एक लुओंग. सोनाराच्या दुकानात आई फोनवरून तोळ्यांत बोलत होती, सोनार चीत, आणि माझी होणारी बायको मधल्यामध्ये मोबाईलवर हिशेब करत होती. निळ्या रंगाचा आओ याय, म्हणजे इथला लांब अंगरखा, माझ्या मापाने शिवायला टाकलाय. आई येताना हिरवा चुडा आणि काळी पोत आणणार. काळे मणी कशाला, असं मा-ने विचारलं, आईने आपल्या पद्धतीने सांगितलं, मला वाटतं दोघींचं एकमत झालं. आई-बाबांच्या प्रवासाची मला चिंता नाही. मुंबईहून थेट विमान आहे आणि व्हिएतनामचा ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो.

लग्नानंतर व्हिएतनामी नागरिकाचा जोडीदार म्हणून मला ५ वर्षांची व्हिसामाफी मागता येईल, वेगळ्या कामाच्या परवान्याशिवाय नोकरी करता येईल. हे सगळं ज्या एका विवाह-प्रमाणपत्रावर उभं राहणार ते त्या दाखल्यावर अवलंबून आहे.

मी परदेशात बसून मूठभर लोकांच्या सोयीचं मागतोय असं आपल्याला वाटू नये, म्हणून आता आपल्याकडचं बोलतो. भारताने १९९३ साली स्त्रियांविरुद्धचे भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं. त्यात सक्तीच्या विवाह-नोंदणीचं कलम आहे. तत्त्व मान्य, पण एवढ्या मोठ्या, विविध चालीरीतींच्या आणि साक्षरतेच्या देशात ते व्यवहार्य नाही, असं आपण तेव्हा लिहून दिलं. महाराष्ट्राने तरी १९९८ साली स्वतःचा विवाह-नोंदणी कायदा केला, ग्रामसेवकापर्यंत निबंधक नेमले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. २०१२ साली जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात लग्नही घालणारं विधेयक राज्यसभेत आलं. तिथे संमतही झालं, आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा तसंच बारगळलं. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २७०व्या अहवालात पुन्हा तीच शिफारस केली. मग २०२३ साली हाच कायदा दुरुस्त झाला, जन्म आणि मृत्यूची राष्ट्रीय नोंदवही कायद्यात आली, ती दुरुस्ती १ ऑक्टोबरपासून लागूही झाली. लग्न तेवढं बाहेर राहिलं. आपल्यातले काही जण त्या दिवशी सभागृहात होते.

व्यवहार्य नाही, हे उत्तर मी मानू शकत नाही, कारण मी तेरेखोलच्या अलीकडचा आहे. नदी ओलांडली की गोवा. तिथे पोर्तुगीज काळापासून प्रत्येकाला लग्नाची नोंद सरकारी निबंधकाकडे करावी लागते, मग तो हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान. देवळात लागो की चर्चमध्ये, वहीत नाव हवंच. माझ्या नात्यातल्या किती तरी मुली पेडण्यात, म्हापशात दिल्यात. चालीरीती त्याच, देव तेच, बोली जवळजवळ तीच. पलीकडे होतं ते अलीकडे का होऊ नये? गोव्याच्या ३ सदस्यांना म्हणून माझी वेगळी विनंती आहे. आपल्याकडे हे कसं चालतं, कुठे अडतं, ते उरलेल्या ६७ जणांना आपणच सांगा.

आणि या वहीची जास्त गरज माझ्यासारख्या पुरुषापेक्षा आपल्याकडच्या मुलींना आहे. परदेशातला मुलगा येतो, सुट्टीत लग्न करून जातो, मागाहून कळतं की तिकडे त्याचा संसार आहे. किंवा तो परत येतच नाही, आणि लग्नाची नोंद नसल्यामुळे मुलीला आपण त्याची बायको आहोत हेच सिद्ध करत बसावं लागतं. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८७वा अहवाल दिला तो याच प्रश्नावर, आणि अनिवासी भारतीयांशी होणाऱ्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं त्यात म्हटलंय. पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ८२व्या कलमाखाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पहिलं लग्न लपवलं असेल तर १० वर्षांपर्यंत. पण शिक्षा गुन्हा झाल्यावर. लग्नाआधी मुलीच्या बापाने कुठे जाऊन विचारायचं?

तेव्हा माझं मागणं असं. जन्म-मृत्यूच्या राष्ट्रीय नोंदवहीत लग्न आणि घटस्फोट यांचीही नोंद कायद्याने आणा. सरकारी विधेयक येत नसेल तर आपल्यापैकी मंत्री नसलेला कुणीही खासगी विधेयक मांडू शकतो. प्रश्नोत्तराच्या तासात गृह, विधी आणि परराष्ट्र या तिन्ही मंत्र्यांना विचारा की परदेशात लग्न करणाऱ्या भारतीयाने आपली वैवाहिक स्थिती नेमक्या कोणत्या कचेरीतून सिद्ध करायची. देशाचं उत्तर एकच असू द्या. तोवर महाराष्ट्रापुरतं निदान एवढं व्हावं, यासाठी राज्य सरकारकडे शब्द टाका. जिल्ह्यात एकाच अधिकाऱ्याकडे हे काम द्यावं, राज्यातल्या सगळ्या स्थानिक निबंधकांच्या नोंदी त्याला एका ठिकाणी शोधता याव्यात, आणि शोधलेल्या नोंदींत या व्यक्तीचं लग्न आढळलं नाही असं त्याने ठरलेल्या नमुन्यात, मराठी आणि इंग्रजीत, पडताळणीच्या क्यूआर कोडसह लिहून द्यावं. किती काळ ग्राह्य तेही त्यावर छापावं. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित केली की दिवसांची मर्यादा आपोआप येईल. जुन्या, न नोंदवलेल्या लग्नांमुळे असा दाखला पहिली काही वर्षं अपुरा राहील, हे मला कळतं. पण मग ती मर्यादा दाखल्यातच स्पष्ट लिहा. अपुरी पण खरी नोंद माझ्या स्वतःच्या शपथेपेक्षा मा-ला जास्त पटेल.

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक करा. ही वही कुणावर पाळत ठेवायला वापरली जाऊ नये. विशेष विवाह कायद्याखालची ३० दिवसांची जाहीर नोटीस आंतरधर्मीय, आंतरजातीय जोडप्यांच्या कशी मुळावर येते ते आपण पाहिलंय. आपलं लेकरू कुणाशी लग्न करतंय हे फलकावर लावून जगाला सांगायची गरज नाही. माणसाला स्वतःची नोंद मिळावी, आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला त्याच्या संमतीने बघता यावी, बाकी कुणाला नाही. एवढं कायद्यातच लिहा, नियमांवर सोडू नका.

बाबा पुढच्या आठवड्यात पुन्हा कचेरीत जाणार आहेत. इकडे मी लोकसमितीच्या कर्मचारी बाईंना विचारून ठेवलंय की भारतातून नेमक्या कोणत्या मजकुराचा कागद आला तर त्यांना चालेल, आणि त्यांनी तो वाक्यागणिक लिहून दिलाय. त्याचं मराठी भाषांतर मी आपणा सर्वांच्या संसदेतल्या पत्त्यावर वेगळं पाठवतोय. नमुना दाखला कसा असावा हे ठरवताना त्याचा उपयोग व्हावा. अधिवेशनात कुणी प्रश्न मांडला तर त्याची तारीख मला जरूर कळवा. सायगावात, तोक्योत, दुबईत, जिथे जिथे आपली मुलं-मुली याच कागदासाठी थांबली आहेत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचवायचं काम मी करीन.

आपला नम्र,
वेंगुर्ला तालुक्यातला एक मतदार
सध्या मुक्काम सायगाव